मुलांची शिडं आणि शमालचा वारा



येत्या हिवाळ्यात शमालच्या किनाऱ्यावर मुलांना शिडाची होडी शिकवावी, असा विचार आपल्यातल्या चार-पाच घरांत चालू आहे. मला त्यातले सगळे जण एकच विचारतात, होडी कुठे मिळेल आणि केवढ्याला? माझं म्हणणं, होडी ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. अवघड आहे तो माणूस मिळणं, जो किनाऱ्यावर उभा राहून "आज नाही" म्हणेल. समोर पंधरा मुलं जॅकेटं घालून तयार आहेत, आई-बाप कॅमेरे काढून बसलेत, ऊन छान पडलंय, आणि तरीही म्हणेल. त्या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मी हे कशाच्या जोरावर बोलतोय ते आधी सांगतो. इंजिनिअरिंगला असताना एनसीसीच्या नौदल शाखेत होतो. तिथे व्हेलर नावाची जड होडी वल्हवून हाताला घट्टे पडले आणि कधीमधी तिच्यावर शीडही चढवायला मिळालं. पुढे अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या चर्चचा तळ्याकाठी समर कॅम्प असायचा. त्यांना मुलांना सेलिंग शिकवायला माणूस हवा होता, मला वीकेंडला घरात बसून कंटाळा आला होता. असे दोन उन्हाळे मी तिथल्या सेलिंगचा प्रमुख होतो. आठ ते पंधरा वर्षांची मुलं, अकरा होड्या आणि हाताखाली कॉलेजातली चार पोरं.

ख्रिस्ती कॅम्प म्हटलं की आपल्याकडे भुवया वर जातात. तिकडच्या मराठी मित्रांनी तेव्हाही विचारलं होतं, "अरे, काही तसलं तर नाही ना?" तर तसलं म्हणजे काय ते सांगतो. जेवणाआधी प्रार्थना, सकाळी अर्धा तास चॅपल, रात्री शेकोटीभोवती गाणी. मी हिंदू आहे हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यावर कॅम्पच्या संचालक बाईंनी एवढंच विचारलं की लाइफगार्डचं सर्टिफिकेट आहे का. नव्हतं. "मग आधी ते घेऊन या," म्हणाल्या. माझ्या धर्माचा विषय तिथे संपला. मुलाला अशा कॅम्पला पाठवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पाहायला गेलात तर चॅपल नंतर पाहा, आधी लाइफ जॅकेटं कशी टांगली आहेत ते पाहा. लहान, मध्यम, मोठी अशी वेगवेगळी लावलेली आणि बक्कल तुटलेली बाजूला काढलेली असतील तर अर्धी काळजी मिटली. ढिगारा दिसला तर गाडी वळवा.

ही कॅम्पची पद्धत मुळात ख्रिस्ती संस्थांनीच वाढवली. लंडनमध्ये 1844 साली जॉर्ज विल्यम्स या कापड दुकानातल्या तरुण नोकराने वायएमसीए काढली. मुंबईत ती 1875 मध्ये आली. अमेरिकेत वायएमसीएच्याच समनर डडली यांनी 1885 मध्ये मोजक्या मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकले. तो कॅम्प डडली आता न्यूयॉर्क राज्यात लेक शॅम्प्लेनच्या काठी आहे आणि अजून चालू आहे. शहरातली मुलं उघड्यावर आणावीत, त्यांना पाण्याची ओळख करून द्यावी, आणि जमलं तर थोडा देवही शिकवावा, असा तो बेत. देवाचं किती जमलं ठाऊक नाही, पाण्याचं मात्र चांगलं जमलं. पोहणं हा श्रीमंतांचा शौक न राहता सगळ्यांनी शिकायची गोष्ट झाली त्यात वायएमसीएचा मोठा हात आहे. 1909 मध्ये डेट्रॉइटच्या वायएमसीएत जॉर्ज कॉर्सन मुलांना आधी जमिनीवर हातपाय मारायला शिकवून मग घाऊक पाण्यात उतरवत असे.

आणि ख्रिस्ती, समुद्र आणि मराठी हे तीन शब्द एकत्र परके वाटत असतील तर त्यांनी सुट्टीत वसईच्या पाचूबंदरला किंवा उत्तनला चक्कर मारावी. घरात मराठी बोलणारे ख्रिस्ती कोळी, होडीच्या नाळेवर क्रॉस, नाव एखाद्या संताचं. आपण आयटीवाले अरबी समुद्राकडे विमानाच्या खिडकीतून बघतो, ते पिढ्यान् पिढ्या त्यावर जगतात.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

त्या तळ्यावर आमच्याकडे सनफिश नावाच्या होड्या होत्या. 1950 च्या सुमारास अमेरिकेत निघालेली ही होडी साधारण 4.2 मीटर लांब, वर सपाट, आत बसायला जागा जवळजवळ नाहीच. तिची गंमत म्हणजे तिचं शीड तिकोनी आहे, आडव्या तिरक्या काठीला बांधलेलं, म्हणजे आपल्या मचव्याच्या आणि इथल्या अरबी गलबतांच्या शिडाच्या भावकीतलं. रुवैसच्या बंदरात जुनी लाकडी गलबतं पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते ते तळंच. आता या गलबतांना इंजिन आहे, शीड क्वचित. पण 2015 मध्ये दोह्याच्या कटाराने ‘फत्ह अल खैर’ हे गलबत पार मुंबईपर्यंत पाठवलं होतं, जुना मार्ग पुन्हा चालून पाहायला.

शब्दांचंही तसंच. आखातात गलबताच्या कप्तानाला नोखदा म्हणतात. मूळ फारसी नाखुदा. आपल्या कोळीवाड्यात तोच नाखवा झाला. सुकाणू हा शब्द अरबी सुक्कानवरून आला, खलाशीही अरबीच. म्हणजे मुलांना होडीचे भाग मराठीतून शिकवले तर निम्मे शब्द इथल्या म्हाताऱ्या कोळ्यालाही कळतील.

कॅम्पमध्ये पहिल्या दिवशी कोणीही होडीत बसायचं नाही, असा नियम होता. पहिला दिवस पोहण्याच्या परीक्षेचा. दुसऱ्या दिवशी जॅकेट घालून होडी मुद्दाम उलटवायची. तिच्या खालून बाहेर यायचं, पाण्यात उभ्या फळीवर वजन टाकून ती सरळ करायची, आणि हे सगळं होईपर्यंत होडी सोडायची नाही. पोरांना हा दिवस सगळ्यात आवडतो. पालकांना वाटतं, फी भरली सेलिंगची आणि हे नुसते बुडवतायत. पण ज्याने दहा वेळा हसत होडी उलटवली आहे तो अकराव्या वेळी, खरोखर उलटल्यावर, किनाऱ्याकडे पोहत सुटत नाही. उलटलेली होडी लांबून दिसते. पाण्यातलं एक डोकं दिसत नाही. नवशिके बुडतात ते बरेचदा होडी सोडल्यामुळे.

आणि तिथे बडी बोर्ड असायचा. लाकडी फळीवर खिळे आणि प्रत्येक मुलाच्या नावाचा गोल बिल्ला, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा. पाण्यात जाताना लाल बाजू वर, परत आल्यावर पांढरी. प्रत्येकाला एक जोडीदार. ठरावीक वेळाने शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि फळीवरचे लाल बिल्ले मोजून माणसं जुळवायची. इतकं साधं. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, पण इतकी भरवशाची सिस्टिम मी आजवर लिहिलेली नाही. :) कारण तिच्यात चूक लपत नाही. बिल्ला लाल आहे आणि मूल समोर नाही, की सगळं थांबतं.

हीच गोष्ट या शमालच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं चालत होती हे मला इथे आल्यावर कळलं. जवळचं जुबारा शहर, जे 2013 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, अठराव्या शतकात मोत्यांच्या व्यापारावर उभं राहिलं. मोत्यांचा मोसम उन्हाळ्याचा, चारेक महिन्यांचा. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जायचा, आणि वर गलबतावर त्याचा एकट्याचा एक माणूस असायचा, त्याला सैब म्हणत. सैबचं काम एकच. हातातल्या दोरीकडे लक्ष. खालून हिसका आला की ओढायचं. त्याने तेवढ्या वेळात दुसरं काही करायचं नाही, गप्पासुद्धा नाहीत. पाणबुड्याचा जीव खालच्या हवेपेक्षा वरच्या माणसाच्या लक्षावर टांगलेला. त्याच गलबतांवर लहान मुलंही असत. अगदी छोट्यांना तब्बाब म्हणत. ते वरकामं करत, चहा-पाणी देत आणि बघून बघून शिकत. म्हणजे शमालचा स्वतःचा मुलांचा समुद्रवर्ग होताच, फक्त त्याला सुट्टी नव्हती आणि फी कर्जाच्या रूपाने बापाच्या डोक्यावर असे. नोखद्याकडून घेतलेली उचल फेडता फेडता पाणबुड्यांच्या पिढ्या गेल्या. जपानी कृत्रिम मोती आणि 1929 ची मंदी यांनी तो धंदा मोडला. त्याचं फार कौतुक करण्यासारखं नाही, पण सैब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. कुवेतमध्ये 1986 पासून तरुण मुलांना जुन्या पद्धतीच्या गलबतांवर मोती काढायला नेण्याची प्रथा सुरू झाली, तिथे ही नावं पुन्हा ऐकू येतात.

आता एक वाईट गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही.

ऑगस्ट 1912. लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीत डलिच कॉलेजचं ख्रिस्ती मिशन होतं आणि त्या मिशनचं स्काउट पथक होतं. सुमारे दोन डझन मुलं, बहुतेक अकरा ते चौदाची, काही मोठी माणसं आणि त्यांचे स्काउटमास्तर सिडनी मार्श, असे सगळे नौदलाच्या एका जुन्या शिडाच्या होडीतून थेम्स नदीने समर कॅम्पला निघाले. शेपी बेटावरच्या लेजडाऊनला तंबू ठोकायचे होते. शनिवारी निघाले, वाटेत रात्री मुक्काम केला. 4 ऑगस्टला, रविवारी, लेजडाऊन दिसू लागलं असताना अचानक वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि होडी उलटली. किनाऱ्यावरच्या तटरक्षकांनी होडी घालून बऱ्याच जणांना वाचवलं. मार्शनेही पाण्यात मुलांसाठी शर्थ केली. नऊ मुलं गेली. त्यांतली आठ पथकातली, एक प्रशिक्षण जहाजावरचा पाहुणा. तेव्हा नौदल खात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल होते. मुलांचे देह लंडनला आणण्यासाठी नौदलाची विनाशिका पाठवण्यात आली, आणि नन्हेडच्या दफनभूमीपर्यंतच्या रस्त्यांवर माणसांचा समुद्र लोटला.

चौकशीत मार्शला दोषी धरलं नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. होडी फुटकी नव्हती, माणूस बेफिकीर नव्हता. पण मी कॅम्पला असताना ही हकिगत वाचली तेव्हा माझ्या मनात एकच आलं. कॅम्प समोर दिसत होता. पोहोचायची घाई ज्या क्षणी सगळ्यात जास्त असते, त्या क्षणी माणूस वाऱ्याकडे कमी आणि किनाऱ्याकडे जास्त बघतो. हा माझा अंदाज, मार्शच्या मनात काय होतं कोण सांगणार. पण त्या उन्हाळ्यात मी एक नियम केला, की शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यात अनुभवी माणूस पाण्यावर असेल, किनाऱ्यावर आवराआवर करत नसेल.

आपल्याकडचे दाखले तर ताजे आहेत. 13 जानेवारी 2018 ला डहाणूच्या समुद्रात सुमारे 40 विद्यार्थ्यांची होडी उलटली, तीन मुली गेल्या. 18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. तलाव, समुद्रसुद्धा नाही. दोन्हीकडे तेच. होडीत माणसं जास्त, बऱ्याच जणांच्या अंगात जॅकेटं नाहीत. यात वाऱ्याचा काही दोष नव्हता, कोणीतरी "एवढे नाही बसणार" म्हणायला हवं होतं.

ख्रिस्ती कॅम्पमध्ये समुद्राची म्हणून जी गोष्ट हमखास सांगतात ती वादळ शांत करणाऱ्या येशूची. शिष्य घाबरलेत, तो होडीच्या मागच्या टोकाला उशीवर झोपलाय, उठतो आणि वाऱ्याला दटावतो. गोष्ट सुंदर आहे, पण सेलिंगच्या तासाआधी दहा वर्षांच्या पोराला सांगायला जरा धोक्याची. मी हे आमच्या पाद्रीबुवांना भीत भीत म्हणालो. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये त्यांनी पौलाची गोष्ट घेतली. ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 27. ती मला तोवर माहीत नव्हती आणि आता मी ती विसरत नाही.

पौल कैदी आहे, त्याला रोमला नेतायत. क्रीट बेटाच्या एका बंदरात जहाज थांबलंय. मोसम उलटून गेलाय. पौल म्हणतो, पुढे जाऊ नका, नुकसान होईल, माणसांचंही. पण शताधिपती ऐकतो तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं, कारण ते बंदर हिवाळा काढायला सोयीचं नाही. तेवढ्यात दक्षिणेकडून हलका वारा सुटतो. सगळ्यांना वाटतं, झालं आपलं काम. नांगर उचलतात. थोड्याच वेळात जमिनीवरून ईशान्येचं तुफान येतं, मग चौदा दिवस जहाज भरकटतं आणि शेवटी माल्टाच्या किनाऱ्यावर फुटतं. सगळे वाचतात, कोणी पोहत, कोणी फळकुटांवर. आणि लिहिणाऱ्याने आकडा दिलाय, जहाजावर माणसं होती 276. सोळा विसरलेली नाहीत. पाद्रीबुवांनी मुलांना विचारलं, "या गोष्टीत चूक कधी झाली?" एक बारकी मुलगी म्हणाली, "वारा छान होता तेव्हा."

ही गोष्ट मला इथे, शमालमध्ये, पुन्हा आठवली याचं कारण इथला वारा अगदी असाच वागतो.

शमाल म्हणजे वायव्येचा वारा. उन्हाळ्यात तो मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दिवसचे दिवस वाहतो, धूळ घेऊन. तेव्हा मुलांना पाण्यावर न्यायचा प्रश्नच नाही. कतारमध्ये 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. जे मजुराला नको ते पोरांना कशाला? त्यामुळे आपला ‘समर कॅम्प’ हिवाळ्यातच होणार, नोव्हेंबर ते मार्च. आणि हिवाळ्याचा शमाल वेगळा. थंड हवेची आघाडी येण्याआधी दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून वारा सुटतो, त्याला इथे कौस म्हणतात. हवा उबदार, समुद्र बरा, सगळ्यांचा मूड छान. मग आघाडी सरकते आणि वारा काही वेळातच उलटा फिरून वायव्येकडून जोरात येतो. कधी दीड दिवसात उतरतो, कधी तीन ते पाच दिवस चालतो. आखात उथळ आहे, सरासरी खोली पस्तीसेक मीटर, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या होतात. छोट्या होडीला त्या लांब मोठ्या लाटांपेक्षा वाईट.

म्हणजे शुक्रवारी सकाळी दक्षिणेचा गोड वारा असला आणि हवेचा दाब उतरत असला, तर तो दिवस "आज नाही"चा. नेमका तो दिवस, जेव्हा पालकांना वाटेल की याहून चांगली हवा कुठली.

दुसरी गोष्ट जागेची. मला दोघा-तिघांनी सुचवलं की पूर्वेकडे फुवैरितला जाऊ, तिथे शमाल असतानाही पाणी सपाट असतं. काइटवाले म्हणूनच तिथे जातात. बरोबर आहे, पण का सपाट असतं ते बघा. वायव्येचा वारा तिथे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ लाट उठायला जागाच नाही. त्या सपाट पाण्यावर मुलाची होडी नुसती सोडली तरी ती आत, समुद्राकडे निघते, आणि जितकी आत जाईल तितका वारा आणि लाट वाढत जातात. परत यायचं तर वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं तिरकं चढत यावं लागतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच येत नसतं. पट्टीचे काइटवाले वेगळे, आपली पोरं वेगळी.

रुवैस आणि अबू धलूफकडे उलट. तिथला किनारा वायव्येला तोंड करून आहे. वारा समुद्रावरून येतो, पाणी खवळलेलं दिसतं, आयांना भीती वाटते. पण दोरी तुटली, सुकाणू निसटलं, मूल घाबरून रडत बसलं, तरी वारा होडीला किनाऱ्यावर आणून टाकतो. अर्थात हे मंद वाऱ्याचं गणित. जोराच्या शमालात दोन्हीकडे घरी बसायचं. आणि इथली अडचण वेगळी, पाणी फारच उथळ. ओहोटीला किनारा इतका मागे जातो की होडी चिखलातून ओढत न्यावी लागेल, आणि उलटली तर डोलकाठी तळाच्या गाळात रुतेल. म्हणून भरतीचं वेळापत्रक बघूनच तास ठरवायचा, आपल्या सोयीने नाही. लंचनंतर दोनला भेटू, असं समुद्राला चालत नाही.

वाऱ्याची मर्यादाही आधीच कागदावर लिहून ठेवायची, हवा बघून ठरवायची नाही. माझ्या मते अगदी नवीन मुलांसाठी ब्यूफोर्ट 3, म्हणजे 10 नॉटपर्यंत. 4 नंबरला, 11 ते 16 नॉटला, पाण्यावर ठिकठिकाणी पांढरे फेस दिसू लागतात. फेस दिसले की शिडं खाली. यंत्र नसलं तरी डोळ्यांना कळतं.

कागदावर का, तर ऐका. दुसऱ्या उन्हाळ्यात कॅम्पच्या शेवटच्या दिवशी शर्यत होती, आई-बाप चार-चार तास गाडी चालवून आले होते. लांब कुठेतरी गडगडलं. नियम असा की शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी पाण्यावर नाही. पंचवीस मिनिटं झाली की पुन्हा एक गडगडाट, असं तीन वेळा झालं आणि मी शर्यत रद्द केली. एक वडील माझ्यावर चांगलेच भडकले. त्यांचा मुलगा सहा दिवस या शर्यतीसाठी झुरला होता, हेही खरंच होतं. आणि वादळ? आलंच नाही. संध्याकाळपर्यंत तळ्यावर लख्ख ऊन होतं. संचालक बाईंनी मला एक शब्द विचारला नाही, फक्त फळीवरचे बिल्ले सगळे पांढरे आहेत ना, ते पाहिलं. नियम लिहिलेला होता म्हणून भांडण त्या कागदाशी झालं, माझ्याशी कमी.

आता होडी, ज्याने तुम्ही सुरुवात केली होती. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट. फ्लोरिडात क्लिअरवॉटर इथे 1947 साली क्लार्क मिल्स यांनी ती काढली. तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लबला मुलांसाठी स्वस्त, प्लायवूडमधून घरच्या घरी करता येईल अशी होडी हवी होती, म्हणून हे नाव. पुढून चपटी, जवळजवळ पत्र्याच्या टबासारखी. लांबी 2.36 मीटर, वजन 35 किलो, शीड 3.3 चौरस मीटर, चालवायला एकच मूल, वय पंधरापर्यंत. दिसायला हास्यास्पद, पण जगातले कितीतरी ऑलिंपिक खेळाडू हिच्यातच शिकले. एकट्याने चालवायची असल्यामुळे मुलाला मागे वळून बाबांकडे बघायची सोय नाही, हा तिचा मोठा गुण. नवी घेऊ नका. आणि ब्रिटनच्या आरवायएच्या नियमाप्रमाणे अशा एकेकट्या होड्या सहा असल्या तर एक प्रशिक्षक, तोही इंजिनाच्या बोटीत. म्हणजे बारा मुलांना दोन बोटी आणि दोन माणसं. हा खर्च ऑप्टिमिस्टपेक्षा जास्त आहे. तो जमत नसेल तर शमालचा बेत सोडून दोह्याच्या क्लबात मुलांना घाला, मी मनापासून सांगतो. जमत असेल तरी आधी परवानगी आणि कोस्ट गार्डला कळवणं, त्याशिवाय वल्हंसुद्धा पाण्यात घालायचं नाही.

आपल्यातल्या वसईकर मित्राने विचारलं होतं की चर्चची मुलंही येऊ देत का. येऊ देत की. इथे ख्रिस्ती प्रार्थनेची जागा मसैमीरच्या संकुलात आहे, 2008 मध्ये तिथे पहिलं चर्च उघडलं. किनाऱ्यावर चॅपल भरणार नाही, आणि आरतीही होणार नाही. किनाऱ्यावर फक्त मोजणी होईल. पौलाची गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगणार आहे, ती कोणाच्याही देवाला चालेल.

तर कामाचं. पुढच्या शुक्रवारी कंपाउंडच्या पूलवर सकाळी सातला पोहण्याची परीक्षा. कपडे घालून 50 मीटर आणि मग जॅकेट घालून पाच मिनिटं तरंगणं. जो पास होणार नाही त्याला दोन महिने पोहायला शिकवू, होडी नंतर. माझी मुलगी बहुधा नापास होणार आहे, तिला सांगून ठेवलंय. पालकांपैकी दोघे सैब हवेत, ज्यांचं काम नुसतं बघत राहणं असेल. मोबाइल गाडीत ठेवून यायची तयारी असेल त्यांनीच कळवा. बिल्ले मी करून ठेवले आहेत, अठरा, एका बाजूने लाल आणि एका बाजूने पांढरे. नावं मुलांनी स्वतःच्या हाताने घालायची आहेत, मार्कर पूलवर असेल.